बागेतले पतंग आणि पानांतल्या अळ्या : इंदूरकरांनो, नोंदी करूया का?

लिंबोणी | ८ जुलै, रात्री ९:५०

राजेंद्र नगरात आमच्या घरामागे लिंबाचं झाड आहे, सासूबाईंनी लावलेलं. पावसाळ्यात पालवी फुटली की कोवळ्या पानांवर चांदीसारख्या चकचकीत, वेड्यावाकड्या रेघा उमटतात आणि पानं आक्रसतात. सासूबाई अशी पानं खुडून टाकायच्या. मीही पंधरा वर्षं तेच करत आले. दोन वर्षांपूर्वी लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी असंच एक पान उजेडाकडे धरून भिंगातून बघितलं, तर रेघेच्या टोकाशी एक फिकट पिवळी, चपटी अळी हलत होती. पानाच्या वर नाही, खाली नाही, पापुद्र्याच्या आत! त्या दिवसापासून मी एकही पान न बघता खुडलेलं नाही.

तेव्हापासून वही घातली आहे. दोन भाग केलेत. एक पानांच्या आत राहणाऱ्या अळ्यांचा, दुसरा रात्री मागच्या ओट्यावरच्या दिव्याला येणाऱ्या पतंगांचा. दिव्याच्या भागात आतापर्यंत सगळ्यात मोठा पाहुणा म्हणजे कण्हेरीवरचा हॉक मॉथ, डॅफ्निस नेराय. हिरव्या-गुलाबी रंगाचा, जणू पैठणीचा तुकडा. त्याची अळी नंतर तगरीवर सापडली, बोटाएवढी जाड, पुढच्या बाजूला निळे डोळे रंगवल्यासारखे. खरे डोळे नव्हेत ते, पण पाखरू नक्की दचकत असेल.

माझ्या अडचणी अशा. लहान पतंग ओळखू येत नाहीत. मोबाईलमध्ये फोटो भरपूर आहेत, पण सहा महिन्यांनी बघितलं की काहीच बोध होत नाही. आणि शेजारी म्हणतात, औषध मारा, कशाला कीड सांभाळता. इंदूर, महू, देवास या बाजूला कुणी अशा नोंदी करतं का? कशा करता?

बोरू | ८ जुलै, रात्री ११:१५

लिंबोणीताई, धागा काढलात, फार बरं झालं. मी महूचा, आयुष्य वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेलं. तुमची ती अळी फायलोक्निस्टिस सिट्रेला. शेतकरी हिला लिंबावरची नागअळी किंवा पाने पोखरणारी अळी म्हणतात. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ स्टेंटन यांनी १८५६ मध्ये कलकत्त्याच्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं, म्हणजे ती आपल्याकडचीच. पुढे ती जगभर पसरली, १९९३ मध्ये फ्लोरिडाच्या बागांत पोचली. तिचा पतंग मिटल्या पंखांनी जेमतेम दोन मिलिमीटरचा, रुपेरी, पंखाच्या टोकाला एक काळा ठिपका. तुमच्या ओट्यावर तो नक्की येत असणार, तुम्ही त्याला धूळ समजून पुसलाही असेल.

आता फोटोंचं. सहा महिन्यांनी बोध होत नाही, कारण झाडाचं नाव लिहिलेलं नसतं. पानाच्या आत राहणाऱ्या अळ्या खाण्याच्या बाबतीत फार काटेकोर असतात, बहुतेकींची झाडांची एक-दोन कुळं ठरलेली. झाड ओळखलंत की अर्धी अळी ओळखली. उरलेली अर्धी ती रेघ सांगते. माझे आजोबा होळकर दरबारातले मोडी कागद वाचायचे. मोडीत बोरू उचलायचा नाही, ओळ सलग ओढत न्यायची. नागअळीही तशीच लिहिते. म्हणून ती रेघ सुरुवातीपासून वाचा. जिथे ती केसाएवढी बारीक आहे तिथे अंडं होतं, मग जसजशी अळी वाढली तसतशी वाट रुंदावली. मध्येच एकदम रुंद झाली असेल तर तिथे तिने कात टाकली.

आणि विष्ठा बघा. लिंबावरच्या अळीची विष्ठा वाटेच्या बरोबर मधोमध एक सलग काळसर रेघ करते.

लिंबोणी | ९ जुलै, सकाळी ७:२०

काका, आत्ता जाऊन बघून आले. मधोमध रेघ आहे! दोन वर्षं ही पानं बघतेय, ती रेघ दिसली होती पण तिचा अर्थ माहीत नव्हता.

मग टोमॅटोचं काय? कुंडीतल्या टोमॅटोवर पण पांढऱ्या नागमोडी रेघा आहेत. वहीत मी तीच अळी म्हणून लिहिली आहे. त्यातली विष्ठा मात्र मधोमध नाही, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे असे काळे ठिपके आहेत.

बोरू | ९ जुलै, सकाळी ९:०५

ती पतंगाची अळीच नव्हे ताई, माशीची आहे. लिरिओमायझा. ही माशीची अळी पानात कुशीवर पडून खाते आणि मधूनमधून कूस बदलते, म्हणून विष्ठा आळीपाळीने दोन्ही कडांना पडते. तिला डोकं म्हणावं असं काही नसतं, नुसते तोंडाचे दोन काळे, हुकासारखे आकडे. पतंगाच्या अळीला नीट डोकं असतं, दहापटीच्या भिंगातून दिसतं. लिरिओमायझा ट्रायफोली ही आपल्याकडे १९९०च्या सुमाराला बाहेरून आली आणि आता एरंड, चवळी, टोमॅटो, काकडी, सगळ्यांवर आहे.

टोमॅटोवर रेघ नसून मोठा कागदी डाग असेल, आत हिरवट-गुलाबी अळी असेल आणि फळालाही भोक असेल, तर ती टुटा अब्सोल्युटा. ती मात्र पतंगच. मूळची दक्षिण अमेरिकेतली, भारतात २०१४ मध्ये महाराष्ट्रात पहिल्यांदा सापडली.

वहीतली जुनी नोंद खोडू नका. एक रेघ मारून शेजारी आजच्या तारखेने दुरुस्ती लिहा. चूक कशी झाली तेही वहीत राहू द्या, पुढच्याला उपयोग होतो.

सांवेरचा_शेतकरी | ९ जुलै, दुपारी २:३०

सगळं वाचलं. माझं मत थोडं वेगळं आहे, रागवू नका. घरामागच्या एका झाडावर अळी सांभाळणं सोपं आहे. माझ्याकडे बारा बिघे सोयाबीन आहे. हिरवी उंटअळी आणि तंबाखूची पानं खाणारी अळी एकदम आली की आठवड्याभरात पानांची चाळणी होते. तेव्हा मी रेघ वाचत बसू का?

लिंबोणी | ९ जुलै, दुपारी ४:१०

दादा, रागवायचं कशाला. तुमचं पोट त्यावर आहे, माझं नाही. पण एक विचारू? फवारणी कधी करायची हे तुम्ही कसं ठरवता?

सांवेरचा_शेतकरी | ९ जुलै, रात्री ८:४५

खरं सांगतो, आधी शेजाऱ्याने मारली की आम्ही मारायचो. चार वर्षांपासून कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नरांना ओढणारे सापळे, लावतो. त्यात फक्त तंबाखूच्या अळीचे नर पतंग येतात. रोज सकाळी मोजून कॅलेंडरवर आकडा लिहितो. आकडा चढायला लागला की पुढच्या काही दिवसांत शेतात अंड्यांचे पुंजके दिसणार हे कळतं. मग बायको आणि मी ओळीओळीने फिरतो. या अळ्या लहान असताना एकाच पानावर घोळक्याने असतात, ते पान जाळीसारखं होतं, लांबून ओळखू येतं. तेवढीच पानं तोडून नष्ट करायची. शेतात पक्षीथांबे पण लावले आहेत, कोतवाल येऊन बसतात. गेल्या दोन हंगामांत माझी एक फवारणी कमी झाली.

आता लिहिताना लक्षात आलं, कॅलेंडरवरचे ते आकडे म्हणजे नोंदच की. मागची तिन्ही कॅलेंडरं घरात खिळ्याला आहेत.

बोरू | ९ जुलै, रात्री ९:३०

दादा, ती कॅलेंडरं जपून ठेवा. तुमच्याच शेतातले, एकाच जागचे, रोज मोजलेले चार वर्षांचे आकडे! माझ्या वहीत असं सलग काहीच नाही. शक्य झालं तर सोबत त्या दिवशी पाऊस होता की नाही तेवढं लिहा.

अनंत_बडोदा | १० जुलै, सकाळी १०:२०

बडोद्याहून नमस्कार. आमच्या कुंपणावर निळ्या मॉर्निंग ग्लोरीची वेल आहे. तिच्या पानांना तपकिरी कागदी डाग पडतात. मला ते ऊन लागल्याचे वाटायचे. हा धागा वाचून काल पान उलटं केलं, तर खाली रेशमाचे बारीक धागे आणि त्यांना काळे कण लटकलेले, तोरणासारखे. हे काय आहे?

बोरू | १० जुलै, दुपारी १२:००

बेडेलिया. बहुधा बेडेलिया सोम्न्युलेंटेला, रताळ्याच्या कुळातल्या वेलींवर जगभर सापडते. ते काळे कण म्हणजे तिची विष्ठा. ही अळी घर स्वच्छ ठेवते, पानाच्या बाहेर शेपूट काढून विष्ठा टाकते आणि ती खालच्या धाग्यांत अडकते. एका पानातून निघून दुसऱ्या पानात शिरायलाही तिला चालतं. लिंबावरचीला ते जमत नाही, तिचा सगळा जन्म एकाच पानात.

मधुमालती | १० जुलै, रात्री ८:००

माझा प्रश्न घरातला आहे, चालेल ना? भिंतीवर सिमेंटच्या रंगाची, भोपळ्याच्या बीसारखी चपटी पिशवी चिकटलेली असते, दोन्ही टोकांना निमुळती. कधीकधी सरकते. आई म्हणते चुन्याचा किडा. ही पण अळी का?

बोरू | १० जुलै, रात्री ८:४०

अळीच, आणि पतंगाचीच. फेरिओइका. वाळूचे कण, धूळ, धागे रेशमात विणून ती पिशवी करते आणि दोन्ही तोंडांनी डोकं काढू शकते. कोळ्याची जुनी जाळी, केस, लोकर खाते. तुमच्या नोंदीची सुरुवात भिंतीवरूनच करा. आणि रव्यात, तांदळात जाळी करणाऱ्या त्या करड्या पाकोळ्या असतात ना, त्याही लिहा. कोर्सिरा त्यांचं नाव. प्रयोगशाळांत त्यांच्याच अंड्यांवर ट्रायकोग्रामा नावाच्या मित्रगांधीलमाश्या वाढवतात आणि त्या माश्या शेतात सोडतात.

रानवाट | ११ जुलै, सकाळी ६:५०

मी दर रविवारी चोरल, कालाकुंड, जानापावच्या बाजूला भटकतो. पावसाळ्याच्या मध्यावर घाटातले साग बघा, पानांच्या फक्त शिरा उरतात. वाटतं वणवा लागून गेलाय. ती युटेक्टोना, सागाच्या पानाची जाळी करणारी. ही पानाच्या आत राहत नाही, वरून खरवडून खाते, म्हणून सगळी शिरांची जाळी शिल्लक राहते. दुसरी, हायब्लिया, ती शिरांमधलं मऊ तर खातेच, कोवळं पान अख्खंही संपवते. आणि साग मरत नाही, त्याच हंगामात पुन्हा पालवी काढतो.

दिवसा उडणारे पतंगही लिहा मंडळी, सगळे रात्रीचेच असतात असं नाही. खुळखुळ्याच्या झुडपांवर युटेथायसा दिसतो, पांढऱ्या पंखांवर लाल आणि काळे ठिपके. खुळखुळ्यातलं विष खाऊन तोच कडू होतो, पाखरं त्याच्या वाटेला जात नाहीत. गुळवेलीवर युडोसिमाची अळी शोधा, करोनाच्या काळापासून गुळवेल घरोघरी आहे. तिचा पतंग नारिंगी पंखांचा, देखणा, पण त्याची सोंड इतकी टणक की पिकत्या संत्र्या-मोसंबीची साल भोसकतो. वेल कुंपणावर आणि नुकसान बागेत, म्हणून या दोन्ही नोंदी एकाच वहीत हव्यात.

लिंबोणी | ११ जुलै, रात्री १०:००

काय सुंदर माहिती मिळतेय! मला एक सुचतंय. २४ जुलैला आषाढ अमावस्या, आपली दिव्यांची आवस. घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडायचे. इथे शेजारी त्याच दिवशी हरियाली अमावस्या म्हणून झाडं लावतात. जुलैचा शेवटचा आठवडा २०१२ पासून पतंग सप्ताह म्हणूनही पाळला जातो, बऱ्याच देशांत. चंद्र नाही, पावसाळा ऐन भरात. त्या रात्री आपण सगळ्यांनी आपापल्या अंगणात चादर लावून बघूया का?

बोरू | १२ जुलै, सकाळी ८:१०

अवश्य. चंद्र नसला की दिव्याची ओढ जास्त लागते, आणि दमट, वारा पडलेली रात्र तर सोन्यासारखी. पांढरी सुती चादर दोरीवर ताणा, खालचं टोक जमिनीवर पसरू द्या, कारण निम्मे पतंग खालीच बसतात. दिवा चादरीपासून हातभर लांब. अतिनील दिवा वापरलात तर त्याच्याकडे टक लावून बघू नका. ज्यांना दिवा नको त्यांनी गूळ आणि काळं पडलेलं केळं एकत्र कालवून एक दिवस आंबवा आणि संध्याकाळी झाडाच्या खोडाला लावा. दिव्याला न येणारे पतंग तिथे येतात.

काळजीच्या दोन गोष्टी. केशरी-काळ्या पट्ट्यांचा, मुंगीसारखा लांबट एक भुंगेरा दिव्यावर येतो, पेडेरस. तो अंगावर चिरडला तर कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात. फुंकर मारून उडवा, हाताने झटकू नका. आणि केसाळ किंवा काटेरी सुरवंटाला हात लावू नका. २०२२ मध्ये महाराष्ट्रात घोणस अळीची केवढी चर्चा झाली, आठवत असेल.

मध्यरात्रीनंतर दिवा बंद करा. उजाडायच्या आधी चादर झुडपांत हलकेच झटका. नाहीतर बुलबुल आणि दयाळ यांना ताट वाढून ठेवल्यासारखं होतं, तासाभरात चादर रिकामी.

रालामंडल अभयारण्यात जायचं कुणाच्या मनात असेल तर रात्रीसाठी वनखात्याची परवानगी लागते. अंगणच बरं.

मधुमालती | १२ जुलै, सकाळी ९:३०

आमच्या गल्लीत नवे पांढरे एलईडी लागले आहेत, रात्रभर लख्ख. अंगणात काही येईल का?

रानवाट | १२ जुलै, सकाळी ११:१५

कमी येतील. गच्चीच्या ज्या बाजूला गल्लीचा उजेड नाही तिथे लावा. आणि तुमच्या नावाचीच वेल असेल तर दिव्याशिवाय संध्याकाळी सात ते आठ तिच्यासमोर बसा. मधुमालतीची फुलं रात्री पांढरी उमलतात, लांब नळीची, हॉक मॉथसाठीच. सकाळी ती गुलाबी, मग लाल. बुचाचं झाड जवळ असेल तर त्याखालीही तेच.

लिंबोणी | १८ जुलै, सकाळी ६:४०

सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही. बोरूकाकांचं वाचून मी ९ तारखेला लिंबाची चार पानं डबीत ठेवली होती, खाली ओलसर टिपकागद, वर मलमलीचं फडकं. तिघींनी पानाची कड दुमडून आत कोष केला. आज पहाटे डबी उघडली. एका कोषातून तो रुपेरी पतंग निघालाय, काळा ठिपका अगदी काकांनी सांगितला तसा. आणि दुसऱ्यातून पतंग नाही, एक चिमुकली, हिरव्या धातूसारखी चमकणारी गांधीलमाशी निघाली! मी बराच वेळ नुसती बघत बसले.

बोरू | १८ जुलै, सकाळी ७:३०

अभिनंदन. ती परजीवी माशी. तिच्या आईने पानाचा पापुद्रा भेदून अळीवर अंडं घातलं होतं. शेजाऱ्यांना हेच सांगा. फवारलं की या आधी मरतात, अळी पापुद्र्याआड सुरक्षित असते. मोठ्या झाडाला नागअळीने फार बिघडत नाही, ती फक्त कोवळ्या पालवीवर येते आणि वळलेलं पानही झाडासाठी अन्न करतच असतं. नत्र जास्त दिलंत, वारंवार छाटणी केलीत, तर पालवी पुन्हापुन्हा फुटते आणि अळीचं फावतं. लहान रोपाची आणि खैऱ्या रोग असलेल्या बागेची गोष्ट वेगळी, कारण त्या वाटांतून खैऱ्याचे जिवाणू आत शिरतात. तिथे कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच ठरवावं.

वहीत दोन्ही लिहा, पतंग आणि माशी. माशीसमोर झाड आणि अळी अशी दोघांची नावं येऊ द्या.

सांवेरचा_शेतकरी | २५ जुलै, सकाळी ७:००

काल विहिरीवरच्या खोलीबाहेर चादर लावली होती. मुलगा आणि पुतणी बारा वाजेपर्यंत जागे होते. तंबाखूच्या अळीचे सात पतंग, उंटअळीचे तीन, पंखावर सोनेरी चमक होती त्यावरून ओळखले. घाटे अळीचा एक. बाकी चाळीसेक मला माहीत नसलेले, मुलाने सगळ्यांचे फोटो काढलेत. एवढे पतंग माझ्या शेतात आहेत आणि त्यातले पिकाच्या वाईटावर असलेले अकराच, हे मी काल पहिल्यांदा बघितलं. तुडतुडे पण खूप होते, ते मोजले नाहीत. दहा वाजता थोडा पाऊस झाला, तोही लिहिलाय. या वर्षीच्या कॅलेंडरवर जागा उरली नाही, मुलाने वही आणलीय.

अनंत_बडोदा | २५ जुलै, सकाळी ९:४०

बडोद्यात रात्रभर पाऊस, चादर भिजली. पण गूळ-केळ्यावर गॅरेजच्या आडोशाला एक मोठा घुबडासारख्या डोळ्यांचा पतंग आला, तळहाताएवढा. फोटो टाकतो.

रानवाट | २५ जुलै, सकाळी १०:०५

इरेबस! सोंड गुळात बुडवलेलीच फोटोत आली आहे, फार छान. खोड कसलं होतं?

अनंत_बडोदा | २५ जुलै, सकाळी १०:२०

पेरू. वहीत लिहिलंय, काळजी नसावी.

लिंबोणी | २६ जुलै, रात्री ९:१५

आमच्याकडे पाटावर दिवे मांडले, पूजा केली, कणकेचे गोड दिवे केले आणि मग मागच्या अंगणात चादर लावली. सासूबाई खुर्ची घेऊन बाहेर येऊन बसल्या. त्यांना आता नीट दिसत नाही, तर लेक एकेक पतंगाचं वर्णन करून सांगत होती आणि सासूबाई झाडांची नावं सांगत होत्या. कुंपणापलीकडे पूर्वी करंज होता, विहिरीजवळ बेल होता, घरं झाली तेव्हा दोन्ही गेले. मी ते सगळं वेगळ्या पानावर लिहून घेतलंय, साल त्यांना आठवलं तेवढं.

त्यांच्या सांगण्यावरून काल शेजारच्या देवळातल्या बेलाखाली गेले. बेल लिंबाच्याच कुळातला ना काका? कोवळ्या त्रिदळावर तशीच चांदीची रेघ आहे, विष्ठा मधोमध. तीच अळी की दुसरी, मला ठरवता आलं नाही. पुजारीबुवांना विचारून एक पान डबीत ठेवलंय. आज कड दुमडायला लागली आहे.